थॉमस क्रॅपर

थॉमस क्रॅपर (बाप्तिस्मा: २८ सप्टेंबर, १८३६ - मृत्यू: २७ जानेवारी, १९१०) हे व्हिक्टोरियाकालीन इंग्लंडमधील प्लंबर, स्वच्छता अभियंते आणि उद्योजक होते. लंडनच्या चेल्सी भागातील थॉमस क्रॅपर अँड कंपनी या स्नानगृह व शौचालयाचे साहित्य बनविणाऱ्या व्यवसायसंस्थेचे ते संस्थापक होत. पाण्याच्या लोटाने धुतल्या जाणाऱ्या शौचकूपाचा शोध त्यांनी लावला, असा समज जगभर रूढ आहे. तो वस्तुस्थितीला धरून नाही. अशा शौचकूपाचा प्रसार करणे, त्याचे भाग सुधारणे आणि वापर नसताना टाकीतून पाणी वाहत राहू नये यासाठीची यंत्रणा घरोघरी पोहोचविणे, हे त्यांच्या कार्याचे खरे स्वरूप आहे.

बालपण व उमेदवारी

क्रॅपर यांचा जन्म यॉर्कशायर परगण्यातील डॉनकास्टरनजीकच्या थॉर्न या गावी १८३६ मध्ये झाला. त्यांचे वडील चार्ल्स हे खलाशी होते. वयाच्या अकराव्या वर्षी हा मुलगा यॉर्कशायरहून पायी चालत लंडनला आला आणि एका प्लंबरकडे कामाला लागला, अशी एक आख्यायिका विसाव्या शतकात लोकप्रिय झाली. प्रत्यक्षात १८५३ मध्ये त्यांनी चेल्सी येथे आपले थोरले बंधू जॉर्ज यांच्याकडे उमेदवारी पत्करली. जॉर्ज हे स्वतः मान्यताप्राप्त प्लंबर होते. उमेदवारी पूर्ण झाल्यावर थॉमस यांनी तीन वर्षे रोजंदारीवर कारागीर म्हणून काम केले. १८६० मध्ये त्यांचा विवाह मराया ग्रीन यांच्याशी झाला. त्यांना झालेला मुलगा जॉन बालपणीच दगावला. पुढे व्यवसायाचा वारसा त्यांच्या पुतण्याकडे गेला.

त्या काळी इंग्लंडमध्ये प्लंबरचे काम म्हणजे प्रामुख्याने शिशाचे काम होते. शिशाचे पत्रे वाकवून टाक्या बनविणे, नळ्या ओढणे, सांधे डाखणे आणि छपरांची पन्हळे बसविणे ही कामे एकाच कारागिराकडे असत. घरातील सांडपाणी व आरोग्य यांचा संबंध जसजसा स्पष्ट होऊ लागला, तसतसा या कारागिरांतून स्वच्छता अभियंता म्हणवून घेणारा एक नवा वर्ग निर्माण झाला. क्रॅपर हे त्या वर्गातील होते.

काळाची पार्श्वभूमी

क्रॅपर लंडनला आले तेव्हा त्या शहरात पटकीच्या साथी वारंवार येत होत्या. १८५४ मध्ये डॉ. जॉन स्नो यांनी ब्रॉड स्ट्रीटवरील एका हातपंपाचे दूषित पाणी हे तेथील पटकीचे कारण असल्याचे दाखवून दिले. १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्स नदीतील मैल्याच्या दुर्गंधीमुळे पार्लमेंटचे कामकाज चालविणेही कठीण झाले. त्यानंतर जोसेफ बॅझलजेट यांच्या देखरेखीखाली शहराच्या भूमिगत मलवाहिन्यांचे मोठे जाळे उभे राहिले.

मलवाहिन्या आल्या, पण त्यांत मैला वाहून नेण्यास पाणी हवे होते. लंडनचा पाणीपुरवठा त्या वेळी खाजगी कंपन्यांच्या हाती होता आणि अनेक वस्त्यांत पाणी दिवसातून थोडाच वेळ सोडले जाई. १८७१ च्या महानगर पाणी कायद्याने अखंड पुरवठ्याच्या दिशेने पाऊल टाकले, त्याबरोबर एक नवी अडचण पुढे आली. पाणी ठरावीक वेळीच येत असताना गळक्या शौचकूपातून होणाऱ्या नासाडीला आपोआप मर्यादा पडत असे. नळाला चोवीस तास पाणी राहिले, तर तीच गळती रात्रंदिवस चालू राहणार होती. म्हणून या कायद्यान्वये आलेल्या नियमांनी प्रत्येक शौचकूपाला पाण्याची नासाडी रोखणारी टाकी बसविणे आवश्यक केले आणि एका वेळच्या पाण्याचे प्रमाण दोन गॅलन, म्हणजे सुमारे ९ लिटर, इतके ठरविले. क्रॅपर यांच्या व्यवसायाची भरभराट या नियमांच्या छायेत झाली.

व्यवसाय

१८६१ मध्ये क्रॅपर यांनी चेल्सीमध्ये स्वतःचा व्यवसाय सुरू केला. पुढे मार्लबरो रोडवर त्यांचा कारखाना उभा राहिला. तेथे पितळेची ओतशाला व कार्यशाळा होती. झडपा, नळ, तरंगते गोळे, साखळ्या व टाक्या यांची निर्मिती, जोडणी आणि तपासणी तेथे होत असे. टाकी विकण्यापूर्वी तिला पाणी जोडून चाचणी घेण्याची सोय कारखान्यातच होती.

क्रॅपर यांचे व्यापारी धाडस त्यांच्या दालनात दिसून येते. शौचकूपाचा उल्लेखही चारचौघांत टाळला जाण्याच्या त्या काळात त्यांनी शौचकूप, स्नानाची पात्रे व हात धुण्याची भांडी काचेआड मांडून ग्राहकांना प्रत्यक्ष पाहण्यास खुली केली. स्नानगृहाचे साहित्य विकणाऱ्या सुरुवातीच्या दालनांत त्याची गणना होते. शौचकूप ही लपविण्याची नव्हे तर पारखून घेण्याची वस्तू आहे, हा विचार त्यामुळे मध्यमवर्गात रुजण्यास मदत झाली.

राजघराण्याचे काम

१८६१ मध्ये राणी व्हिक्टोरियाचे पती अल्बर्ट यांचे निधन झाले. त्याचे कारण विषमज्वर असल्याचे त्या वेळी सांगण्यात आले. दहा वर्षांनी युवराज एडवर्ड हेही विषमज्वराने मरणाच्या दारातून परतले. सदोष मोऱ्यांचा प्रश्न गरिबांच्या वस्तीपुरता नाही, ही जाणीव या घटनांनी तीव्र केली. १८८० च्या दशकात युवराजांच्या नॉरफोक येथील सँड्रिंगहॅम प्रासादातील नळकामाची जबाबदारी क्रॅपर यांच्याकडे आली. या कामात देवदाराच्या लाकडाच्या बैठका असलेल्या तीस शौचकूपांचा समावेश होता. या कामामुळे त्यांना राजघराण्याचे अधिकृत पुरवठादार असल्याची सनद मिळाली. पुढे एडवर्ड सातवे राजे झाल्यावर आणि त्यांच्यानंतर पाचव्या जॉर्जच्या काळातही कंपनीकडे हा मान राहिला. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीच्या आवारात क्रॅपर यांचे नाव कोरलेली मॅनहोलची झाकणे आजही आहेत आणि ती पाहण्यास पर्यटक आवर्जून थांबतात.

एकस्वे

१८८१ ते १८९६ या काळात क्रॅपर यांना नऊ एकस्वे मिळाली. त्यांपैकी चार मोऱ्या व सांडपाण्याच्या व्यवस्थेतील सुधारणांसाठी, तीन शौचकूपांसाठी, एक मॅनहोलच्या झाकणासाठी आणि एक नळ्यांच्या सांध्यासाठी होते. ज्या यंत्रणेशी त्यांचे नाव सर्वाधिक जोडले जाते, त्या झडपविरहित टाकीचे एकस्व मात्र यांत नाही. टाकीतील वक्रनलिका सुरू करण्याच्या रचनेतील सुधारणेसाठी १८९७ मध्ये त्यांचे पुतणे जॉर्ज क्रॅपर यांना एकस्व मिळाले. आवाज न करणाऱ्या झडपविरहित टाकीसाठी १८९८ मध्ये ४९९० क्रमांकाचे ब्रिटिश एकस्व ॲल्बर्ट गिब्लिन यांच्या नावे नोंदले गेले. गिब्लिन हे क्रॅपर यांच्याकडे काम करीत असावेत, असे मानले जाते. क्रॅपर कंपनीने ही यंत्रणा आपल्या नावाने मोठ्या प्रमाणावर विकली आणि त्यामुळे ती क्रॅपर यांचाच शोध असल्याचा समज पसरला.

सतत वाहणारी टाकी आणि झडपविरहित यंत्रणा

क्रॅपर यांच्या कार्याचे महत्त्व कळण्यासाठी फ्लशच्या टाकीची रचना समजून घेणे आवश्यक आहे. टाकीत दोन जागी पाणी अडवावे लागते: एक, जेथून पाणी टाकीत येते, दुसरी, जेथून ते शौचकूपात जाते.

आत येणारे पाणी तरंगत्या गोळ्याच्या झडपेने रोखले जाते. हा गोळा क्रॅपर यांच्या आधीपासून वापरात होता. टाकी रिकामी झाली की गोळा खाली जातो व त्याला जोडलेल्या दांड्यामुळे झडप उघडते. पातळी वाढेल तसा गोळा वर येतो आणि दांड्याच्या रेट्याने झडपेतील वायसर पाण्याच्या तोंडावर घट्ट बसतो. वायसर झिजला, त्याखाली वाळूचा कण अडकला किंवा गोळ्याला चीर पडून त्यात पाणी शिरले, तर झडप पूर्ण मिटत नाही. पातळी वाढत राहते आणि जादा पाणी वरच्या निकास नळीतून वाहू लागते. इंग्लंडमध्ये ही नळी घराच्या बाहेरील भिंतीतून काढण्याची पद्धत पडली. त्यामुळे बिघाड घरमालकाला व शेजाऱ्यांनाही दिसत असे.

बाहेर जाणारे पाणी रोखण्याचा प्रश्न अधिक अवघड होता. जुन्या टाक्यांच्या तळाला एक झडप असे. साखळी ओढली की ती उचलली जाई आणि सोडली की पुन्हा बसत असे. या झडपेवर पाण्याचा भार सतत असतो. चामडे किंवा रबर कडक झाले, कडेवर चुन्याचा थर साचला अथवा साखळी अडकून झडप तिरपी बसली, की पाणी बारीक धारेने शौचकूपात उतरू लागते. टाकीतील पातळी थोडी उतरताच गोळाही उतरतो आणि नवे पाणी आत घेतो. अशा रीतीने तळाची गळती व वरचा पुरवठा एकमेकांना साथ देतात आणि टाकी कधीच भरून शांत होत नाही. काही घरांत शौचकूप स्वच्छ राहावा म्हणून ही झडप मुद्दाम उघडी बांधून ठेवीत. पाणी कंपन्यांच्या दृष्टीने दोन्हींचा परिणाम एकच होता.

झडपविरहित टाकीने तळाची झडपच काढून टाकली. तिच्या जागी उलट्या यू आकाराची वक्रनलिका आली. तिची एक बाजू रुंद असून तिचे तोंड टाकीच्या तळाजवळ पाण्यात बुडालेले असते. दुसरी बाजू तळातून खाली शौचकूपाकडे जाते. नळीचा वळसा मात्र भरलेल्या टाकीतील पातळीच्याही वर असतो. त्यामुळे टाकी भरून स्थिर असताना पाण्याला बाहेर पडण्यास वाट राहत नाही. साखळी ओढल्यावर रुंद बाजूतील तबकडी पाण्याचा एक लोट उचलून वळशापलीकडे टाकते. खाली पडणाऱ्या या पाण्यामागे उरलेले पाणी हवेच्या दाबामुळे ढकलले जाते आणि साखळी सोडून दिली तरी टाकी रिकामी होईपर्यंत प्रवाह चालू राहतो. पातळी नळीच्या तोंडाखाली येताच आत हवा शिरते व प्रवाह तुटतो.

या रचनेचा खरा गुण तिच्या बिघाडात आहे. तळाची झडप बिघडली तर पाणी गुपचूप वाहत राहते आणि घरातील व्यवहार मात्र नेहमीप्रमाणे चालतात. म्हणून दुरुस्ती लांबणीवर पडते. वक्रनलिकेतील तबकडी फाटली तर पाणी वाया जात नाही, फ्लशच होत नाही. त्रास वापरणाऱ्याला त्याच क्षणी होतो आणि त्याला दुरुस्ती करून घ्यावीच लागते. तोटा कोणाच्या वाट्याला यावा, हे जणू रचनेनेच ठरवून दिले होते. ब्रिटनमधील पाणीविषयक नियमांनी ही पद्धत शंभर वर्षांहून अधिक काळ टिकवून ठेवली.

आधुनिक काळातील स्थिती

ब्रिटनमध्ये १९९९ च्या नियमांनी एका फ्लशच्या पाण्याची कमाल मर्यादा ६ लिटर केली आणि १ जानेवारी, २००१ पासून नव्या शौचकूपांत तळाला झडप असलेल्या टाक्यांना परवानगी दिली. कमी पाण्यात काम भागविणे व अर्धा किंवा पूर्ण फ्लश निवडता येणे, हे त्यांचे लाभ होते. परंतु झडपेबरोबर जुनी गळतीही परतली आणि गळक्या शौचकूपांमुळे होणारी नासाडी हा तेथे पुन्हा चर्चेचा विषय झाला.

भारतात ब्रिटिश काळापासून उंचावर बसविलेल्या, साखळीने ओढावयाच्या बिडाच्या टाक्या प्रचलित होत्या. त्यांतही घंटेच्या आकाराची वक्रनलिकाच असे. जुन्या सरकारी इमारती, रेल्वे स्थानके व मुंबईतील जुन्या इमारतींतून त्या अनेक पिढ्यांनी वापरल्या. आता त्यांची जागा प्लॅस्टिकच्या व भिंतीत दडविलेल्या टाक्यांनी घेतली असून त्यांत बहुधा तळाची झडप असते.

सतत वाहणाऱ्या टाकीतील दोष कोणत्या बाजूचा आहे, हे ओळखण्याची रीत सोपी आहे. टाकीचे झाकण काढल्यावर पाणी उभ्या निकास नळीच्या काठावरून आत पडताना दिसले, तर दोष गोळ्याच्या झडपेत असतो. गोळा हाताने किंचित वर उचलल्यास प्रवाह थांबत असेल तर गोळ्याची उंची कमी करून पातळी निकास नळीच्या काठाखाली सुमारे २ ते ३ सेंटिमीटर ठेवणे पुरेसे ठरते. तरीही न थांबल्यास वायसर किंवा संपूर्ण झडप बदलावी लागते. पातळी काठाखाली असूनही पाणी येत राहत असेल, तर टाकीत खाण्याच्या रंगाचे काही थेंब टाकून फ्लश न करता पंधरा-वीस मिनिटे थांबावे लागते. शौचकूपात रंग उतरल्यास तळाच्या झडपेचे रबर खराब झाले आहे, त्यावर क्षार बसले आहेत किंवा तिची साखळी वा दांडा अडकला आहे, असा निष्कर्ष निघतो. दुरुस्तीपूर्वी टाकीला पाणी देणारी तोटी बंद केली जाते. रबर बदलताना ते ज्या कडेवर बसते ती कडही पुसून गुळगुळीत करणे आवश्यक असते. अन्यथा नवे रबरही गळते.

या किरकोळ वाटणाऱ्या बिघाडाचा हिशेब मोठा होतो. मिनिटाला पाव लिटर पाणी गळत असेल, तर दिवसाला ३६० लिटर वाया जाते. भारतातील मोठ्या शहरांच्या पाणीपुरवठ्यासाठी माणशी दररोज १३५ लिटर हे प्रमाण धरले जाते. म्हणजे एक गळकी टाकी दोन माणसांच्या वाट्याहून अधिक पाणी संपविते. जेथे नळाला मोजकाच वेळ पाणी येते आणि इमारतीच्या गच्चीवरील टाकीवर दिवस काढावा लागतो, तेथे एका घरातील गळतीने शेजारच्या घरांचेही पाणी संपते.

नावाविषयीचे समज

विष्ठेसाठी वापरला जाणारा क्रॅप हा इंग्रजीतील ग्राम्य शब्द क्रॅपर यांच्या आडनावावरून आला, असे अनेकदा सांगितले जाते. हा शब्द मध्ययुगीन इंग्रजीत टाकाऊ भाग, फोलपट अशा अर्थाने आढळतो आणि मलविसर्जनाच्या अर्थाने त्याचा वापर १८४६ मध्ये, म्हणजे क्रॅपर दहा वर्षांचे असताना नोंदलेला आहे. शौचालयाला क्रॅपर म्हणण्याची अमेरिकी बोलीतील प्रथा मात्र पहिल्या महायुद्धात इंग्लंडमध्ये आलेल्या अमेरिकी सैनिकांनी टाक्यांवरील नाव वाचून रूढ केली, अशी एक उपपत्ती मांडली जाते.

शौचकूपाच्या शोधाचे श्रेयही त्यांना देता येत नाही. सर जॉन हॅरिंग्टन यांनी पाण्याने धुतल्या जाणाऱ्या शौचकूपाचे वर्णन १५९६ मध्ये प्रसिद्ध केले होते. लंडनमधील घड्याळजी अलेक्झांडर कमिंग यांनी १७७५ मध्ये दुर्गंधी रोखणाऱ्या वाकड्या नळीसह शौचकूपाचे एकस्व घेतले आणि जोसेफ ब्रामा यांनी १७७८ मध्ये त्यात सुधारणा केली. जॉर्ज जेनिंग्ज यांनी १८५१ च्या लंडन येथील महाप्रदर्शनात सार्वजनिक शौचकूप उभारले. वॉलेस रेबर्न यांनी १९६९ मध्ये लिहिलेल्या विनोदी वळणाच्या चरित्रामुळे क्रॅपर यांचे नाव सर्वतोमुखी झाले आणि अनेक आख्यायिकांना इतिहासाचे रूप मिळाले. त्यांना सर ही पदवी मिळाल्याचे सांगितले जाते, तेही खरे नाही.

निवृत्ती व मृत्यू

१९०४ मध्ये क्रॅपर यांनी निवृत्ती घेतली व व्यवसाय पुतणे जॉर्ज आणि भागीदार रॉबर्ट मार व्हॅरम यांच्याकडे सोपविला. आयुष्याची शेवटची सहा वर्षे ते लंडनच्या दक्षिणेस ॲनर्ली येथील थॉर्नसेट रोडवर राहिले. २७ जानेवारी, १९१० रोजी त्यांचे निधन झाले. जवळच्याच एल्मर्स एंड येथील दफनभूमीत त्यांचे दफन करण्यात आले. विख्यात क्रिकेटपटू डब्ल्यू. जी. ग्रेस यांची समाधीही याच दफनभूमीत आहे.

कंपनीचा पुढील इतिहास

१९०७ मध्ये कंपनीचे दालन चेल्सीच्या किंग्ज रोडवर गेले. क्रॅपर व व्हॅरम कुटुंबांनंतर १९६६ मध्ये ती जॉन बोल्डिंग अँड सन्स या प्रतिस्पर्धी कंपनीला विकण्यात आली. परंतु १९६९ मध्ये बोल्डिंग कंपनीच दिवाळखोरीत निघाली. त्यानंतर अनेक वर्षे क्रॅपर हे नाव बाजारातून नाहीसे झाले. जुन्या स्नानगृह-साहित्याचे संग्राहक सायमन कर्बी यांनी पुढे कंपनीचे पुनरुज्जीवन केले आणि जुन्या नमुन्यांबरहुकूम शौचकूप व टाक्या पुन्हा बनविण्यास आरंभ झाला.

वारसा

ॲनर्ली येथील क्रॅपर यांच्या निवासस्थानी त्यांच्या स्मरणार्थ फलक लावण्यात आला आहे. त्यांच्या नावाभोवती विनोद व आख्यायिका यांचेच वलय अधिक असले, तरी शुद्ध पाणी व मैला यांना एकमेकांपासून दूर ठेवणे आणि हे करताना पाण्याचा अपव्यय टाळणे, या दोन गरजांचा मेळ घालणाऱ्या कारागिरांच्या पिढीचे ते प्रतिनिधी मानले जातात. त्यांनी विकलेल्या टाकीने जो प्रश्न सोडविला होता, तो तळाच्या झडपेबरोबर घरोघरी परतला असून पाण्याचा तुटवडा असलेल्या शहरांत त्याचे महत्त्व अधिकच वाढले आहे.